एक लाख आठ हजार आणि तीनशे वीस मिलिग्रॅम

१ ऑगस्ट, सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहायचं. वाढवून लिहायचं नाही, खोटं तर नाहीच. वीस वर्षं वजनकाटे तपासतोय. वर्कशॉपमध्ये मला ‘मिलिग्रॅम’ म्हणतात. आदराने म्हणतात.

विषय: लेकीचा लॅपटॉप. तिचा बिल्डिंगचे नकाशे काढायच्या कोर्सला मेरिटवर नंबर लागला. वर फी माफ. आता कॉलेजचा कागद आलाय: प्रत्येकाने स्वतःचा लॅपटॉप आणावा, अमुक ताकदीचा, तमुक मेमरीचा. साध्यासुध्यावर ते नकाशे हलतच नाहीत म्हणे. पुढच्या २० जूनला वर्षाचा प्रोजेक्ट द्यायचा. त्यात पंच्याहत्तर टक्के पडले तर फी माफी चालू राहणार. नाही पडले तर फी भरा. फी भरायची आमची ऐपत नाही, म्हणजे कोर्स बंद. तोवर कॉलेजची लॅब आहे. साठ जणांना आठ मशीन, त्यातली दोन बंद, पाच वाजता कुलूप.

शोरूममध्ये जाऊन आलो. एक लाख आठ हजार.

लेकीला सांगितलं, ऑक्टोबर संपायच्या आत तुझ्या टेबलावर. ती म्हणाली, बाबा, एवढी घाई नाही. ही काहीच बोलली नाही. ही म्हणजे बायको. हिचं न बोलणं मोजणारा काटा अजून निघालेला नाही.

३ ऑगस्ट
योजना तयार. भिशी! वर्कशॉपमधली बारा माणसं, दरमहा प्रत्येकी नऊ हजार. महिनाअखेर एक चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याने सगळे पैसे घेऊन घरी जायचं. बारा नव्वे एकशेआठ. लॅपटॉपही एकशेआठ! याला योगायोग म्हणणारा माणूस गणितात कच्चा.

व्याज नाही, बँक नाही, कुणाचे पाय धरणं नाही.

४ ऑगस्ट
पगारातून नऊ हजार काढायचे म्हणजे काटकसर आली. चहा बंद. न्हावी बंद. स्कूटर फक्त सोमवारी. बाकी दिवस वर्कशॉपला पायी, पावणेपाच किलोमीटर. तब्येतही सुधारेल. एका दगडात दोन पक्षी.

९ ऑगस्ट
चहा बंदच आहे. फोरमनचा अर्धा कप घेतो, तो धरायचा नाही.

२० ऑगस्ट
हिने घरीच माझे केस कापले. ही शिवणकाम करते, कात्रीवर हात बसलेला आहे. पण कापडाची सवय. टोपी घ्यावी लागली.

३१ ऑगस्ट, दुपार
पहिली चिठ्ठी आज. चिठ्ठ्या करायचं काम अर्थातच माझ्याकडे. लोक कागदाचे कसेही तुकडे फाडतात, एक लहान, एक मोठा. जड चिठ्ठी डब्यात तळाला जाते आणि वरची निघते. हा अन्याय माझ्यासमोर होणार नाही.

म्हणून आज मुख्य प्रमाण पेटी काढली. रोजची वजनं वेगळी असतात. ही मखमलीची पेटी वर्षातून एकदाच निघते, जूनमध्ये निरीक्षक येतात तेव्हा. अकरा वजनं, पितळी, बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायची. किल्ली एकच. ती माझ्या कमरेला.

आधी माझी चिठ्ठी केली. वजन बरोब्बर तीनशे वीस मिलिग्रॅम. तीच प्रमाण धरली. ती एका पारड्यात, आणि बाकी अकरा एकेक करून दुसऱ्या पारड्यात. जड निघाली की कोपरा कापायचा. दीड तास लागला. वेल्डर म्हणाला, मिलिग्रॅमराव, चिठ्ठ्या करताय की औषध? मी लक्ष दिलं नाही.

काम झालं. अकराच्या अकरा चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात. प्रमाण चिमट्याने पेटीत. पेटीला कुलूप. हात आपोआप चालतात, वीस वर्षांची शिस्त आहे.

संध्याकाळी
स्टोअरवाल्या ताईंनी डब्यात हात घातला. वेल्डरची निघाली. बारात एक, म्हणजे पहिल्या महिन्यात कुणीच अपेक्षा धरू नये. मी धरली नव्हती. फक्त पिशवी नेली होती.

१० सप्टेंबर
शोरूममध्ये लॅपटॉपच्या बॅगांवर निम्मी सूट! उद्या संपणार होती. घेतली. लॅपटॉप येणारच आहे, तेव्हा पुऱ्या किमतीला घेणं हा मूर्खपणा ठरला असता. शिवाय स्क्रीन पुसायचं कापड, खाली ठेवायचा पंखा आणि की-बोर्डवरचं पातळ आवरण. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं ही म्हणाली. कोंबडी यायची आहे म्हणून मसाला स्वस्तात मिळाला, हे हिला कळत नाही.

१८ सप्टेंबर
घरात लॅपटॉपची जागा केली. खिडकीजवळ, उजेड डाव्या बाजूने. हिचं शिवणयंत्र तिथून पॅसेजमध्ये हलवलं. तात्पुरतं. इलेक्ट्रिशियनकडून वेगळा पॉइंट काढून घेतला. टेबल पुसून त्यावर पंखा ठेवला, शेजारी बॅग. टेबलावर कुणी काही ठेवायचं नाही, असं घरात जाहीर केलं.

२६ सप्टेंबर
साडू सहकुटुंब आले. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट नाही, पण नवीन वस्तू घेतली की ती दाखवायला येतोच. या वेळी नवा लॅपटॉप. मग म्हणाला, साडूभाऊ, माझा जुना पडून आहे. चांगल्या ताकदीचा आहे, पोरीला द्या. पैशाचं काही नाही.

रिकाम्या टेबलाकडे बघून म्हणाला! सगळ्यांसमोर!

मी शांतपणे सांगितलं की माझी लेक दुसऱ्याच्या उष्ट्या मशीनवर शिकणार नाही. वापरलेला काटा आणि वापरलेलं यंत्र, दोन्हींचं शून्य हललेलं असतं. माझी व्यवस्था झालेली आहे. तो म्हणाला, बरं. मेव्हणीने हिच्याकडे बघितलं. लेक पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. तिला माझा अभिमान वाटला असणार.

३० सप्टेंबर
रंगाऱ्याची निघाली.

११ ऑक्टोबर, सकाळी
लेकीची सॅक दारात ठेवलेली होती. बाजूला सरकवायला उचलली. एकदम जड! गेल्या आठवड्यापेक्षा साधारण दोन किलो तीनशेने जास्त. माझ्या हाताचा अंदाज पन्नास ग्रॅमच्या आत असतो. पुस्तकं असणार. लॅपटॉप नाही म्हणून बिचारीला पुस्तकं वाहावी लागतात. जीव तुटला. चालायचा वेग वाढवला.

३१ ऑक्टोबर
पॅकिंगच्या काकांची. ऑक्टोबर संपला. लेकीला सांगितलं, डिसेंबर. नक्की. ती म्हणाली, चालेल बाबा.

७ नोव्हेंबर
चालून चालून उजव्या बुटाचा तळ सुटला. चांभाराला दिले ते पैसे म्हणजे पाच दिवसांचं बसभाडं. तात्पुरता धक्का. पुढे वसूल होतील.

लेक हल्ली उशिरा येते. लॅब पाचला बंद होते ना, विचारलं. म्हणाली, मावशीकडे जाते, तिथे अभ्यास होतो. साडूच्या घरी असं काय आहे? पंखे तेच, खुर्च्या त्याच. बहुधा वाय-फाय.

३० नोव्हेंबर
आज अपमान. स्टोअरवाल्या ताई डब्याचं झाकण उघडून म्हणाल्या, दादा, आधी मोजून घेते किती चिठ्ठ्या आहेत. बाईंना नटबोल्टसुद्धा मोजल्याशिवाय झोप येत नाही. मी डबा काढून घेतला. म्हणालो, या चिठ्ठ्या मी केल्यात. मिलिग्रॅमला तोलून केल्यात. माझ्यावर अविश्वास असेल तर भिशी आत्ता मोडा. ताई म्हणाल्या, तसं नव्हतं हो म्हणायचं.

चिठ्ठी फोरमनची निघाली. पुन्हा मोजायचं नाव कुणी काढलं नाही. अपमान धुऊन निघाला.

३१ डिसेंबर
नाही. आठात एक होतो. वर्ष संपलं.

१ जानेवारी
संकल्प: निराश व्हायचं नाही. आता सातात एक. दर महिन्याला शक्यता वाढतेच आहे. माझी चिठ्ठी मागे राहतेय ती मुद्दाम, असं वाटतं. वेळ आल्यावर निघेल.

संकल्प दोन: फोरमनचा चहाही बंद.

१९ जानेवारी
नऊ हजार कमी पडताहेत. घरखर्चातून आणखी काही निघण्यासारखं नाही, असं ही म्हणाली. किती शांतपणे म्हणाली! स्कूटर विकली. तशीही फक्त सोमवारी चालत होती. घेणारा किक मारून गेला तेव्हा मी गेटपाशी उभा होतो. आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. बारा वर्षं वापरली.

फायदा: सोमवारचाही व्यायाम.

३१ जानेवारी
नाही.

१५ फेब्रुवारी
टेबलावर हिने भाजीची पिशवी ठेवली. मी बोललो. मग ही बोलली. सहा महिने न बोललेलं सगळं एकदम बोलली. पॅसेजमध्ये उजेड नाही, शिवताना सुई बोटात जाते, दोन गिऱ्हाइकं तुटली, आणि तुमच्या रिकाम्या टेबलाची रोज धूळ पुसायची मी. वर म्हणाली, डोळे उघडून घरात बघा एकदा. मी बघितलं. घर होतं तसंच होतं.

पिशवी मात्र मीच उचलून ओट्यावर ठेवली. तेवढं कळतं मला.

२८ फेब्रुवारी
नाही. आता काय झालंय, डब्यात हात जायच्या आधीच मी पिशवीची घडी उघडून बसतो. नाव वाचलं की सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवतो.

३१ मार्च
स्टोअरवाल्या ताईंची निघाली. चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणाल्या, दादा, मला काही आत्ता नड नाही. माझी पाळी तुम्ही घ्या, तुमची निघेल तेव्हा ती मी घेईन. पोरीचं वर्ष आहे.

डोळ्यांत पाणी आलं, पण मी खंबीर राहिलो. नोव्हेंबरात ज्या बाईला मी ऐकवलं, तिच्याकडून उपकार? शिवाय हिशोब बघा: पुढच्या महिन्यात चारात एक. चारात एक म्हणजे जवळजवळ निघाल्यातच जमा. सांगितलं, ताई, आभार. गरज पडणार नाही.

घरी हे सांगितलं नाही. कारण नाही.

३० एप्रिल
अकाउंट्सच्या मॅडमची.

गरज पडली.

६ मे
ताईंना हळूच विचारलं. त्यांनी एप्रिलमध्येच पैसे घराच्या छपराला घातले. बरोबरच आहे, त्यांनी थांबायचं का? मॅडमना विचारलं. त्यांनी दिराला दिले. फोरमन म्हणाला, माझे तर डिसेंबरातच उडाले राव.

शोरूममधल्या बाईंना भेटलो. म्हणाल्या, या महिन्यापासून किंमत वाढणार. मी म्हणालो, मी जुना गिऱ्हाईक आहे. त्यांनी विचारलं, काय घेतलंत आमच्याकडून? मी म्हणालो, बॅग.

२२ मे
लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलंय. विचारलं, प्रोजेक्ट कुठवर आला. म्हणाली, होतोय बाबा. कसा होतोय? कशावर होतोय? हवेत? मला धीर द्यायला म्हणते. पोरीने बापाला धीर द्यायचा. आज बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. लिहायचं नव्हतं, पण खोटं लिहायचं नाही असं ठरलंय. पाणी साधारण बारा लिटर गेलं.

३१ मे
तिघे उरलो होतो. वॉचमन, ड्रायव्हर, मी. वॉचमन.

आता पुढची चिठ्ठी ३० जूनला. प्रोजेक्ट २० जूनला. फोरमनच्या, खरं लिहायचं तर, पाया पडलो. त्याने सगळ्यांना गोळा केलं. मंडळी चांगली आहेत. जूनची चिठ्ठी १२ तारखेला काढायची ठरली. आता दोनात एक. नाणं उडवण्याइतकी शक्यता. इतके महिने जो मागे राहिला तो आता पुढे यायलाच हवा.

११ जून
झोप नाही, भूक नाही. पिशवी धुऊन वाळत घातली.

१२ जून
जसं झालं तसं लिहितो.

ताईंनी डब्यात हात घातला. जरा थांबल्या. मग डबा तिरका केला. म्हणाल्या, दादा, यात एकच चिठ्ठी आहे. मी म्हणालो, नीट बघा. त्यांनी डबा टेबलावर पालथा केला. एकच. ड्रायव्हरची.

ड्रायव्हरच्या आईचं डोळ्यांचं ऑपरेशन सोमवारी आहे. पैसे त्याने घेतले. माझ्याकडे बघत उभा राहिला, जाईना. मीच म्हटलं, जा बाबा.

मग माझं डोकं फिरलं. माझी चिठ्ठी गेली कुठे? चोरली! कुणी? जिचा हात डब्यात असतो, तिने. जिला नोव्हेंबरात मी मोजू दिलं नाही, तिने. हे मी मनात म्हटलं नाही, मोठ्याने म्हटलं, सगळ्यांसमोर. ताईंनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली आणि घरी गेल्या. वेल्डर म्हणाला, मिलिग्रॅमराव, हे बरं नाही केलंत.

बरं? माझ्या लेकीचं वर्ष चाललंय, आणि मी बरं करू?

१४ जून
पुरावे गोळा करतोय. ताई दोन दिवस कामावर नाहीत. गुन्हेगार असाच तोंड लपवतो.

१५ जून, दुपारी ३
निरीक्षक आले. वर्षाची तपासणी. मालक, फोरमन आणि आज परत आलेल्या ताई रजिस्टर घेऊन उभ्या. मी कमरेची किल्ली काढली, मुख्य पेटी उघडली. निरीक्षक चिमट्याने एकेक वजन काढू लागले. अकरा झाली. मग त्यांनी चष्मा वर केला आणि मखमलीच्या खाचेतून बारावी वस्तू काढली. घडी घातलेला कागद. उघडला. माझं नाव.

ताईंनी एकदा चिठ्ठीकडे बघितलं, एकदा माझ्या हातातल्या किल्लीकडे.

निरीक्षकांनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, प्रमाण. तोंडातून तेवढंच आलं. शिस्तीचा माणूस, त्यांनी ती चिठ्ठी काट्यावर ठेवली आणि शेरा लिहिला: पेटीत बाह्य वस्तू, एक, वजन तीनशे वीस मिलिग्रॅम.

साडेनऊ महिन्यांत एका मिलिग्रॅमचा फरक नाही! पेटी किती कोरडी ठेवली होती मी. हे मनात आलं आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली.

फोरमन हळूच म्हणाला, काखेत कळसा. पुढचं बोलला नाही.

१५ जून, संध्याकाळी
ताईंसमोर हात जोडून उभा राहिलो. काय बोललो आठवत नाही. त्या म्हणाल्या, दादा, मार्चमध्ये माझी पाळी घेतली असती तर हे काहीच झालं नसतं हो. चोर म्हणालात त्यापेक्षा ते जास्त लागलं मला. मग म्हणाल्या, चहा घ्या. घेतला.

१६ जून
तत्त्वं गुंडाळून ठेवली. शोरूममध्ये हप्त्यावर लॅपटॉप मागितला. फॉर्म भरला, सात सह्या. बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, मिळणार नाही. कारण मी आजवर एकही कर्ज घेतलेलं नाही. कर्ज घेऊन फेडलेलं असेल तर कर्ज मिळतं. मी म्हणालो, मी कधी कुणाचं देणं ठेवलं नाही. त्या म्हणाल्या, तोच तर प्रॉब्लेम आहे काका.

चार दिवस उरले.

१७ जून
आज ते केलं जे कधी करणार नव्हतो. साडूकडे गेलो. दारात उभं राहून, चपला न काढता म्हणालो, तुमचा तो जुना लॅपटॉप द्या. उष्टा म्हणालो होतो, चुकलं. तो कसनुसा झाला. त्याने मेव्हणीकडे बघितलं. मग म्हणाला, साडूभाऊ, तो मी मागेच एका गरजू मुलीला दिला.

गरजू! माझ्या लेकीपेक्षा गरजू कोण आहे या गावात? मेव्हणी तोंडाला पदर लावून आत गेली. हसत होती की रडत होती, देव जाणे. पाणीही न पिता परत आलो. अडल्या माणसाला कुणी नाही, हेच खरं.

२० जून, सकाळी ७
एकच मार्ग उरला. कॉलेजात जायचं, सरांचे पाय धरायचे आणि महिन्याची मुदत मागायची. भिशीची शेवटची पाळी आता आपोआप माझीच, ३१ जुलैला. अर्ज लिहिला आहे. अर्जात सगळा दोष माझा असं लिहिलंय. पुन्हा वाचला. तेवढं एक वाक्य बरोबर आहे.

२० जून, संध्याकाळी
सर तरुण आहेत. अर्ज वाचला, मग दुसऱ्यांदा वाचला. म्हणाले, काका, काहीतरी घोटाळा होतोय. तिने प्रोजेक्ट सोळालाच दिला. ब्याऐंशी टक्के. वर्गात पहिली. फी माफी कायम.

मी विचारलं, कशावर केला? ते म्हणाले, तिच्या लॅपटॉपवर. जुना आहे, पण काम देतो. ऑक्टोबरपासून रोज आणते.

ती लॅबच्या बाहेरच बाकावर बसली होती, मांडीवर लॅपटॉप. मला बघून झाकण मिटलं. झाकणाच्या कोपऱ्यात साडूच्या ऑफिसचं स्टिकर, नखाने अर्धं खरवडलेलं.

घरी आल्यावर मी ओरडणार होतो. म्हणजे वाक्य तयार होतं. पण विचारलं ते एवढंच: मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, बाबा, तुम्ही दर महिन्याला इतक्या खात्रीने सांगत होता. पावसाळ्यात पायी जात होता, स्कूटर विकलीत. तो लॅपटॉप मिळालाय म्हटलं असतं तर तुमच्या चालण्याला काय अर्थ राहिला असता? मला सांगवेना. मग रडली. हीसुद्धा रडली. म्हणाली, मी तरी किती वेळा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तुम्ही ऐकायच्या आतच उत्तर देता.

खरं आहे. हा माझा दोष आहे. कुठल्या पेटीत बसवावा कळत नाही.

सगळे झोपायला गेल्यावर लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. चार्जरसकट दोन किलो तीनशे दहा ग्रॅम. मागचं पान काढलं. ११ ऑक्टोबर: दोन किलो तीनशे, पुस्तकं असणार. हाताचा अंदाज अजूनही शाबूत आहे. हातात लॅपटॉप होता, आणि मी पुस्तकं म्हणालो.

२१ जून
सकाळी शिवणयंत्र खिडकीपाशी परत आणलं. पॅसेजमधून फिरवून आणताना दाराची चौकट खरचटली. ही म्हणाली, असू दे.

साडूला फोन केला. गरजू मुलीचा बाप बोलतोय म्हणालो. तो इतका हसला की मलाही हसावं लागलं.

३१ जुलै
शेवटची पाळी. चिठ्ठी काढायची गरज नव्हती, तरी ताईंनी ती प्रमाण चिठ्ठी निरीक्षकांकडून मागून आणली होती. डब्यात टाकली, हलवली आणि माझ्याच हातून काढवली. माझं नाव निघालं. टाळ्या. वेल्डरने शिट्टी वाजवली. नवीन भिशी ऑगस्टपासून सुरू. चिठ्ठ्या ताई करणार, असं एकमताने ठरलं. मीही हात वर केला.

एक लाख आठ हजार पिशवीत घालून सरळ शोरूम. ते मॉडेल बंद झालंय. नवं एक लाख एकतीस हजार. बाईंनी ओळखलं. विचारलं, बॅग कशी चालते?

घरी आलो. पैसे टेबलावर ठेवले, शिवणयंत्राशेजारी. लेकीला म्हटलं, तेवीस हजार कमी पडताहेत, पण माझ्याकडे एक योजना आहे. तिने माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाली, बाबा, तो लॅपटॉप अजून दोन वर्षं सहज चालेल. पैसे बँकेत ठेवा. त्यातून आधी बूट घ्या. चला, मी येते बरोबर.

गेलो. तिने निवडले. दुकानात पैसे देताना सवयीने दोन्ही बूट हातात तोलून बघितले. डावा चार ग्रॅम जास्त. बोललो नाही.

आठ नंबर. चावतात. लेक म्हणते, चार दिवस चावतील, मग पायाला बसतील. तिचं ऐकायचं ठरवलं आहे.